अमेरिकेतील औषधनिधी आणि समा येथील आईवडील

बडोद्याच्या समा भागातून एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचे माहेर वसईकडील. लग्न झाल्यापासून त्या बडोद्यास राहतात. थोरला मुलगा सहकुटुंब अमेरिकेत नोकरीस आहे. नाताळच्या सुटीत तो घरी येतो तेव्हा त्याच्या सामानात निम्मी जागा औषधांनी अडविलेली असते. तापावरील गोळ्यांच्या मोठमोठ्या बाटल्या, सांधेदुखीच्या गोळ्या, सर्दीची औषधे, मलमे, पट्ट्या. "एवढा खर्च कशाला?" असे विचारल्यास तो म्हणतो, "आई, हे पैसे वर्ष संपताच बुडालेच असते." भगिनींचा प्रश्न असा की, हे बुडणारे पैसे म्हणजे काय, आणि ही औषधे आपण व यजमानांनी घ्यावीत की न घ्यावीत?

वसई, उत्तन, गोवे, बडोदे, जेथे जेथे आमची माणसे आहेत तेथून मुले परदेशी गेली आहेत, आणि अशा बाटल्या पुष्कळ घरांच्या कपाटांत आहेत. म्हणून या पत्राचे उत्तर आम्ही सर्वांसाठीच देत आहो.

अमेरिकेत १९७८ च्या करविषयक कायद्यातून निघालेली एक सोय आहे. तिला तेथे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट म्हणतात. आपण तिला औषधनिधी म्हणू. नोकरी करणारा मनुष्य वर्ष सुरू होण्यापूर्वी सांगतो की, येत्या वर्षी माझ्या पगारातून इतकी रक्कम दवाखाना, चष्मा, दात, औषधे यांसाठी कापून ठेवा. ही कपात कर बसण्यापूर्वी होते, म्हणून तेवढ्या रकमेवर त्यास कर द्यावा लागत नाही. २०२५ साली या कपातीची कमाल मर्यादा ३,३०० डॉलर होती. गंमत अशी की, वर्षाचे बारा हप्ते अजून कापावयाचे असले तरी सबंध रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. बाराशे डॉलर ठरविले आणि जानेवारीतच चष्मा फुटला व दात काढावा लागला, तर शंभरच डॉलर कापले गेले असूनही बाराशेपर्यंतचा खर्च मिळतो. तो धोका मालकाने पत्करावयाचा. त्याच्या उलट बाजूस नोकराने पत्करावयाचा धोका हा की, जे वर्षअखेर शिल्लक राहील ते त्याचे राहत नाही. काही मालक थोडी रक्कम पुढील वर्षी नेऊ देतात (२०२५ च्या अखेरीस ती फार तर ६६० डॉलर), काही अडीच महिन्यांची सवड देतात, काही यांपैकी काहीच देत नाहीत. भगिनींचा मुलगा ज्यास बुडणारे पैसे म्हणतो ते हेच.

२०११ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळणारी औषधे या निधीतून घेण्यास बंदी होती. चिठ्ठी आणावीच लागे. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, तेथील काँग्रेसने कायदा करून ती अट काढून टाकली. तेव्हापासून तापाची गोळी, खोकल्याचे औषध, स्त्रियांच्या पाळीच्या वेळच्या वस्तू हे सर्व निधीतून घेता येते. दात घासण्याचा लेप, सौंदर्यप्रसाधने, नुसत्या शक्तीसाठी घेतलेली जीवनसत्त्वे मात्र चालत नाहीत. परिणाम असा की, डिसेंबर उजाडला म्हणजे उरलेली रक्कम संपविण्यासाठी लोक औषधाच्या दुकानांत शिरतात, आणि ज्यांना ताप नाही तेही तापाच्या गोळ्या घेऊन बाहेर पडतात. आजाऱ्याची सोय व्हावी म्हणून केलेला नियम निरोग्यास औषधे खरेदी करावयास लावतो, हे आम्हांस मोठे चमत्कारिक वाटते.

आता भगिनींनी न विचारलेला एक प्रश्न. हा निधी कोणासाठी वापरावयाचा? कायदा सांगतो, स्वतःसाठी, पतीसाठी वा पत्नीसाठी, मुलांसाठी आणि कराच्या दृष्टीने जे अवलंबून आहेत त्यांच्यासाठी. भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेले आईवडील या व्याख्येत बसत नाहीत, मग मुलगा त्यांना दरमहा कितीही पैसे पाठवीत असो. अर्थात समा येथे आणण्यासाठी म्हणून त्या निधीतून घेतलेली बाटली ही नियमाबाहेरची खरेदी होय. दुकानातील यंत्र हे विचारीत नाही. त्यास औषध कोणते एवढेच कळते, गोळी कोणाच्या पोटात जाणार ते कळत नाही.

मुलगा म्हणेल, पैसे तर माझ्याच पगाराचे. पगार त्याचा, हे खरे. परंतु त्यावरील जो कर सोडून दिला गेला तो एका अटीवर सोडला गेला, आणि ती अट मोडल्यावर ती सूट त्याची राहत नाही. आमच्याकडेही असा प्रकार होताच. २०१८ पर्यंत नोकरदारास मालकाकडून वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत औषधोपचाराचा खर्च पावत्या दाखवून करमुक्त मिळे. मार्च महिना आला की पावत्या गोळा करण्याची जी धांदल उडे, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस अधिक सांगणे नको. शेजाऱ्याची पावती, मेहुण्याची पावती, औषधाच्या दुकानातून घेतलेल्या साबण-पावडरीची औषध म्हणून लिहून घेतलेली पावती! चांगली, देवभीरू माणसेही यात काही वावगे आहे असे मानीत नसत. आठवी आज्ञा औषधाच्या पावतीस लागू नाही अशी जणू सर्वांची समजूत होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत व प्रवासभत्त्याची सूट दोन्ही काढून त्यांऐवजी सर्व पगारदारांना ४०,००० रुपयांची सरसकट वजावट दिली, आणि तो मोह आपोआप मिटला. अमेरिकेत तो शिल्लक आहे. त्यावर उपाय अवघड नाही. आईवडिलांची औषधे साध्या पैशाने घ्यावीत, आणि निधीची रक्कम ठरविताना स्वतःच्या घरचा मागील वर्षाचा खर्च पाहून ती बेताची ठरवावी.

मूळ प्रश्न प्रकृतीचा आहे, आणि तो आम्हांस अधिक निकडीचा वाटतो. तेथील टायलेनॉल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले पॅरासिटामोल; तिकडे त्यास ॲसिटामिनोफेन म्हणतात इतकेच. आपल्याकडील क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही त्याचीच नावे. वृद्ध मनुष्य सकाळी डॉक्टरने दिलेली डोलो घेतो, दुपारी मुलाने आणलेले टायलेनॉल घेतो, रात्री सर्दीसाठी नायक्विल घेतो, आणि त्यास वाटते की आपण तीन निरनिराळी औषधे घेतली. तिन्हींत एकच द्रव्य आहे. मोठ्या माणसाने दिवसाकाठी त्याचे चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा कधीही ओलांडू नये. ज्याचे यकृत दुबळे आहे किंवा ज्यास दारूची सवय आहे त्याची मर्यादा याहून पुष्कळ कमी, आणि ती डॉक्टरांस विचारूनच ठरवावी. जादा मात्रेने यकृताची हानी होते, आणि पहिल्या दिवशी तिचे चिन्हही दिसत नाही.

सांधेदुखीसाठी येणारी ॲलिव्ह ही नॅप्रॉक्सेनची गोळी, आणि ॲडविल म्हणजे आपले ब्रुफेन. गुडघ्यास आराम पडतो यात शंका नाही. परंतु ज्यास रक्तदाब आहे त्याचा रक्तदाब या गोळ्या वाढवू शकतात, मूत्रपिंडावर ताण पाडतात, आणि हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याच्या पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवितात. झोपेसाठी म्हणून ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'पीएम' लिहिलेले असते त्यांत बहुधा डायफेनहायड्रामिन असते. त्याने म्हाताऱ्या माणसास भ्रम होणे, लघवी अडणे, रात्री उठताना तोल जाणे असे प्रकार घडतात. डॉक्टर जेव्हा "आणखी काही औषध घेता का?" असे विचारतात तेव्हा आमची वडील मंडळी "नाही" म्हणतात, कारण मुलाने आणलेली वस्तू त्यांच्या लेखी औषध नसून भेट असते.

विमानतळाचाही नियम आहे. प्रवाशाने परवान्यावाचून आणावयाचे औषध स्वतःच्या उपयोगाचे असावे आणि एका औषधाच्या शंभर मात्रांहून अधिक नसावे, असे आपल्या औषध नियमांत म्हटले आहे. पाचशे गोळ्यांची बाटली त्यात कशी बसेल?

आणि हा सर्व खटाटोप बडोद्यासाठी! ज्या शहरात १९०७ साली अलेंबिकची स्थापना झाली, ज्या गुजरातेतील कारखान्यांची औषधे अमेरिकेच्या बाजारात विकली जातात, तेथे समुद्रापलीकडून गोळ्या आणणे म्हणजे विहिरीकाठी घागर भरून नेण्यासारखे आहे. पॅरासिटामोलची ५०० मिलीग्रॅमची गोळी आपल्याकडे सुमारे रुपयास मिळते, कारण तिची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. २००८ पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांत रक्तदाब व मधुमेहाची नेहमीची औषधेही पुष्कळ स्वस्त पडतात. मुलास आईबापांसाठी काही करावयाचेच असेल तर त्याने पाठवावे असे दुसरे पुष्कळ आहे. रक्तदाब मोजण्याचे चांगले यंत्र, वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, आणि वय हाताबाहेर जाण्यापूर्वी घेतलेला आरोग्यविमा. साठी उलटलेल्या व विमा नसलेल्या आईवडिलांच्या उपचाराचा खर्च जे अपत्य भारतात राहून करते, त्यास आयकराच्या जुन्या पद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र पैसे रोख न देता बँकेमार्फत द्यावे लागतात.

आमच्या समा येथील भगिनींनी आता एवढे करावे. कपाटातील सर्व बाटल्या एकदा मेजावर मांडाव्यात आणि मुदत संपलेल्या वेगळ्या काढाव्यात. उरलेल्यांवरील बारीक अक्षरांतील द्रव्याचे नाव नातवंडांकडून वाचून घ्यावे, आणि कागदाच्या पट्टीवर ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून बाटलीस चिकटवावे. मग त्या पिशवीत भरून, यजमानांच्या नेहमीच्या औषधांसह, पुढल्या खेपेस डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. जी ते बाजूस काढतील ती शेजारणीस देऊ नयेत.