‘हम पाँच’ बघताना हसायचं कुणावर?

१९९५मध्ये आलेली ‘हम पाँच’ हल्ली परत बघितलीय? पाच मुलींच्या बापाच्या भूमिकेत अशोक सराफ यांचं टायमिंग आजही भन्नाट! भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याला टोमणे मारणाऱ्या प्रिया तेंडुलकर तर कमालच. पण राधिकाला कमी ऐकू येतं, हाच तिच्यावरचा जोक. मीनाक्षी बायकांच्या हक्कांवर बोलली की हशा. आज हे खटकतं. मात्र ‘तेव्हाचे लोकच तसे’ म्हणून मोकळं होऊ नका. वर्गात एखादी मुलगी ठामपणे बोलली, की ‘आली फेमिनिस्ट!’ म्हणून खिदळणारे आपणच ना? मालिका जुनी झाली, जोक मात्र तोच. ‘हम पाँच’ जरूर बघा, पोटभर हसा. पण उद्या कट्ट्यावर तो जोक आला, तर हसू नका.