गुडघ्यावर प्रकाश, सांध्यात ओझोन : दावे आणि पुरावे
- विशेष प्रतिनिधी

‘शस्त्रक्रियेविना गुडघेदुखीपासून मुक्ती’ अशा जाहिराती शहरी वाचकांना नव्या नाहीत. तेले, पट्टे आणि चुंबकांच्या पंक्तीत आता लेझर आणि ओझोनही येऊन बसले आहेत. हे दोन्ही उपचार निव्वळ थोतांड म्हणून झटकून टाकता येत नाहीत. मात्र त्यांच्या नावावर जे खपवले जाते, त्याला पुराव्याचे पाठबळ नाही.

प्रकाशोपचारात कमी शक्तीच्या लेझरचे लाल अथवा अवरक्त किरण गुडघ्यावर सोडले जातात. ‘बीएमजे ओपन’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २२ चाचण्यांच्या आढाव्यात अशा लेझरने वेदना कमी होत असल्याचे आढळले. मात्र हा लाभ तरंगलांबीनुसार योग्य मात्रा देण्यावर अवलंबून होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मात्र २०२२ मध्ये, पुरावा अपुरा असल्याचे कारण देऊन, ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी लेझर न देण्याची शिफारस केली.

ओझोनचा पुरावा याहून तुटपुंजा आहे. ब्राझीलमधील ९८ रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत, सांध्यात आठवड्यातून एकदा याप्रमाणे आठ आठवडे ओझोन टोचल्यावर नकली उपचाराच्या तुलनेत वेदना कमी झाल्या. परंतु हा लाभ काही आठवड्यांपुरताच तपासला गेला. श्वासावाटे गेल्यास ओझोन फुप्फुसांना घातक ठरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम तर त्याला ज्ञात वैद्यकीय उपयोग नसलेला विषारी वायू मानतात.

‘पण मला गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. मात्र गुडघेदुखी मुळातच कमी-जास्त होत असते आणि उपचार झाल्याच्या भावनेनेही आराम पडतो. ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तर काहींना केवळ त्वचेवर छेद देण्यात आले. खऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ नकलीहून अधिक ठरला नाही!

खरी गफलत येथेच होते. वेदना कमी होणे आणि झिजलेली कूर्चा भरून येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने ती सहजी भरून येत नाही, आणि किरणांनी वा वायूने ती पूर्ववत होते हे सिद्ध झालेले नाही. पहिल्या गोष्टीचा मर्यादित पुरावा दाखवून दुसरीचे आश्वासन विकले जाते.

दुसरीकडे, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन घटवणे या उपायांवर मार्गदर्शक तत्त्वांचे एकमत आहे. २००५ मधील एका अभ्यासानुसार एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. या उपायाची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात विकण्याजोगे यंत्र नाही.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत : मात्रा किती, लाभ किती काळ टिकणार आणि सोबत व्यायाम कोणता? उत्तरे टाळली गेली, तर निर्णय घेणे अवघड नाही.