दात बाटलीने गेले की गोळीने?

सुरतेच्या डिंडोलीतला एक लूम कामगार डोळ्यांपुढे आणा. गाव धुळ्याकडचं, पाळी बारा तासांची. अंगदुखी जावी म्हणून ट्रॅमाडॉल धरलं, मग खोकल्याची कोडीनवाली बाटली, आणि चार-पाच वर्षांत दोन्हींशिवाय मागाजवळ उभं राहवेना. आता आठ महिने तो ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे व्यसनावरच्या उपचाराच्या गोळीवर, आहे. कामाला जातो, पगार घरी येतो. पण दाढा हलू लागल्यात. आई म्हणते, "बंद कर ती गोयी." डॉक्टर म्हणतात, "हे जुन्याच नशेचं फळ आहे, औषधाचा संबंध नाही."

मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही.

आईच्या शंकेत तथ्य आहे, हे आधी कबूल करू. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दात किडण्याचा, पडण्याचा इशारा दिला. त्यांच्यापुढे 305 प्रकरणं होती, त्यांतली 131 गंभीर. 26 जणांना तर आधी दातांचा काहीच त्रास नव्हता. गोळी आम्लधर्मी असते आणि जिभेखाली पाच-दहा मिनिटं राहते. तोंड लाळेने भरतं, कडू होतं. तो कडूपणा जावा म्हणून आपला माणूस लगेच ब्रश घेतो आणि खसाखसा घासतो. आम्लाने मऊ पडलेलं दाताचं कवच तो स्वतःच्या हाताने खरवडत असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पण यावरून "गोळी बंद कर" हा निष्कर्ष निघत नाही. अचानक बंद केली की अंग मोडून येतं, माणूस बाटलीकडे वळतो. तोवर शरीराची जुनी सवय ओसरलेली असते, म्हणून पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. औषधावर टिकलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. दाढेसाठी जीव पणाला लावायचा नाही. शिवाय उपाय साधा आहे: गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा मोठा घोट हळूहळू तोंडात फिरवून गिळायचा, तासभर थांबून मग ब्रश करायचा, आणि दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायचं.

आता डॉक्टरांकडे वळू. त्यांचंही निम्मं खरं आहे. खोकल्याच्या औषधात साखर असते, अफूवर्गीय औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि मुख्य म्हणजे नशेत दाढ दुखतच नाही. कीड वर्षानुवर्षं आत पोखरते आणि माणूस शुद्धीवर आला की ठणका सुरू होतो. घरच्यांना वाटतं, गोळीनंतर दुखलं म्हणजे गोळीनेच झालं.

पण "जुन्याच नशेचं फळ" हे वाक्य मला खुपतं ते यासाठी, की ते तोंड न तपासताच उच्चारलं जातं. एकदा व्यसनी ठरला की त्याची प्रत्येक तक्रार भूतकाळाच्या खात्यावर मांडायची, हे निदान नव्हे, तो शिक्षेचा निवाडा झाला. बद्धकोष्ठ? जुनं. घाम? जुना. खरं तर दोन्ही या औषधानेही होतात, आणि दोन्हींवर काही करता येतं.

मग निवाडा कशाने करायचा? तारखांनी आणि नोंदींनी. उपचार सुरू होतानाच दात बघा, किडके किती ते लिहा, शौच-झोप विचारा, यकृताची तपासणी करा. सुई वापरलेली असेल तर हेपटायटिस सीची चाचणी कराच. यकृताचे आकडे पुढे वाढले तर दोष विषाणूचा की औषधाचा, हे त्या पहिल्या कागदावाचून कोण सांगणार? 2018 पासूनच्या राष्ट्रीय हेपटायटिस कार्यक्रमात ही हेपटायटिस सीची चाचणी आणि त्यावरचे उपचार मोफत आहेत. दातांच्या बाबतीत काही वेळा कारण दोन्हीकडचं असेल, वेगळं काढता येणारच नाही. तरी दाढ भरायलाच हवी.

सल्ल्यासाठी 14446 ही सरकारची मोफत नशामुक्ती हेल्पलाइन आहे. डॉक्टरांनो, पहिल्याच भेटीत त्याला तोंड उघडायला सांगा. आणि मावशी, गोळी लपवू नका. ती विरघळेपर्यंत त्याच्याजवळ बसा आणि मग पाण्याचा ग्लास हातात द्या.