धडधडीत खोटं

आमच्या मोटारीतलं गाणं खोकतं, ही गोष्ट मी दोन महिने चारचौघांत बोललो नव्हतो. पुण्यात दुखणं बोलून दाखवलं की औषधाच्या आधी सल्ला येतो. पण एके दिवशी शेजारचे काका गाडीत बसले, लक्ष्मी रस्त्यावर तबल्याचा एक 'धा' पडला आणि काकांनी दचकून विचारलं, "टायर गेला का हो?" मग मात्र बोलावंच लागलं.

टायर शाबूत होता. गेला होता तो डग्गा, आणि तो डग्गा माझ्या वडिलांचा होता. वडील कुणी नामांकित तबलजी नव्हते. दिवसभर बँकेत आकडे आणि गुरुवारी संध्याकाळी भजनाला साथ, एवढाच त्यांचा संसाराबाहेरचा संसार. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट उरली आहे, तीही घरी टेपरेकॉर्डर सतरंजीवर ठेवून भरलेली. भाच्यानं ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. घरी कानाला लावून ऐकलं, तर डग्ग्याची घुमारी अशी की मनगट दिसावं. गाडीत मात्र तेच वडील पत्र्याचा डबा बडवत होते. वडिलांचा एवढा अपमान त्यांच्या हयातीत मीही केला नव्हता.

म्हणून मी एका झकपक दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं दहा सेकंद ऐकलं आणि निदान केलं, "काका, वॉट कमी पडतायत." आमच्या पिढीला कॅल्शियम कमी पडतं हे ठाऊक होतं. वॉट कमी पडल्याचं प्रथमच कळलं. त्यानं एक अँप्लिफायर विकला आणि डिकीत सबवूफरचा एक खोका बसवून दिला. तेव्हापासून मंडईतली पिशवी माझ्या मांडीवर प्रवास करते. आवाजाचं म्हणाल, तर आधी साधा खोकला होता, आता डांग्या खोकला झाला.

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही. तो बिचारा पगारी. माझं भांडण आहे ते 'आवाज फाटला तर आणखी आवाज आणा' या शास्त्राशी. शर्ट फाटल्यावर आपण त्यावर दुसरा शर्ट चढवत नाही. गाडीतल्या गाण्याच्या बाबतीत मात्र सारं शहर तेच करतं.

आता खोट्याचा उगम पाहा. गाडीत बसवायच्या स्टिरिओच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं : 50 वॅट गुणिले 4. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास. स्पीकर बहुधा 4 ओहमचा. शाळेत शिकलेलं गणित मांडलं, तर एका स्पीकरला स्वच्छ सूर म्हणून पंचवीसेक वॅट मिळतात, तेही कागदावर. मग उरलेले वॅट कुठून येतात? जिथून निवडणुकीतली आश्वासनं येतात, तिथूनच.

आणि त्या चौदा व्होल्टांचं छप्पर मोठं कडक असतं. सुराची लाट गोल असते, डोंगराच्या माथ्यासारखी. तिला छपरापेक्षा उंच करू गेलात, तर माथा कापला जातो आणि डोंगराची पर्वती होते, वर सपाट. त्या सपाट माथ्यालाच आपला कान 'फाटलं' म्हणतो. खर्जाला सर्वांत जास्त ताकद लागते, म्हणून पहिला बळी त्याचा. स्पीकरची कॉईल त्यात तापते आणि एक दिवस जळते. मग दुकानदार म्हणतो, "तरी सांगत होतो, मोठा घ्या."

शेवटी मी नाना पेठेत एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाणं ऐकलंच नाही. आधी दाराला तळहात लावला, मग डिकीच्या झाकणाला, मग मागच्या नंबरप्लेटला. वैद्यानं नाडी बघावी तसं.

"साहेब, हे बास वाढवायचं बटण कुणी पिळलं?"

"मीच. खर्ज लागत नव्हता म्हणून."

"का लागत नव्हता ते विचारलंत?"

नव्हतं विचारलं. पुणेकर असून नव्हतं विचारलं! मिस्त्रींनी दाराची आतली फळी उघडली. डाव्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडलेल्या. उजवा पडदा पुढे यायचा तेव्हा डावा मागे जायचा आणि दोघे मिळून खर्ज खाऊन टाकायचे. मूळ दुखणं एवढंच. खर्ज नाही म्हणून मी बास वाढवला, बास वाढवला म्हणून लाटेचा माथा कापला गेला, माथा कापला म्हणून वॉट विकत घेतले. दोन तारांच्या चुकीवर मी हा सगळा डोलारा उभा केला होता.

मग त्यांनी जे केलं ते सगळं वजाबाकीचं. तारा सुलट्या केल्या. वाढीव बास शून्यावर आणला. 'लाउडनेस' नावाचं बटण बंद केलं. हे बटण हळू आवाजात ऐकणाऱ्यांसाठी असतं, कारण आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आम्ही ते पूर्ण आवाजात दाबून ठेवतो. अँप्लिफायरवरचं गेनचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं, ते मागे घेतलं. "हे आवाजाचं बटण नाही, जुळवणीचं आहे," ते म्हणाले. दारातल्या छोट्या स्पीकरांना 80 हर्ट्झच्या खालचं काम बंद केलं. ते डिकीतल्या खोक्याकडे दिलं. पोराच्या डोक्यावर पोतं कशाला? शेवटी नंबरप्लेटचे दोन स्क्रू आवळले आणि मागे रबराचा तुकडा घातला. निम्मी धडधड त्या पाटीचीच होती. मी महिनाभर जो खर्ज म्हणून ऐकत होतो, तो आर.टी.ओ.चा नंबर होता.

तुम्ही म्हणाल, तरुण पोरांना धडधड आवडते, तुमच्या पोटात का दुखतं? अहो, मला खर्ज आवडतो म्हणून तर दुखतं! पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपल्याकडे कणीक लावतात ती आवाज मोठा व्हावा म्हणून नव्हे, खोल व्हावा म्हणून. ढोल ताणून दोरी आवळतात तीही सुरासाठीच. ज्या गावाला हे ठाऊक आहे, त्या गावानं विसर्जनाच्या रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या कराव्यात, याचं मला दुःख आहे. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवानं रात्री दहाचा नियम मानला आणि पहाटेपर्यंत रंगणाऱ्या मैफली सोडून दिल्या. म्हणजे ज्यांचा सूर लागतो ते वेळेवर घरी गेले. ज्यांचा फाटतो त्यांना मात्र घड्याळ दिसत नाही.

यात थट्टेपलीकडचं एक आहे. खर्ज भिंतीतून आरपार जातो. खिडकी लावून तो थांबत नाही. पलीकडे तान्हं मूल असतं, नुकतं दवाखान्यातून आणलेलं माणूस असतं. आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी मोठ्या आवाजानं मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पीकर जळला तर नवा मिळतो. कानाचं दुकान अजून तपकीर गल्लीतही निघालेलं नाही.

परवा काकांना पुन्हा गाडीत घेतलं. कॅसेट लावली, आवाज पूर्वीच्या निम्म्यावर. डग्गा घुमला. आणि दोन बोलांच्या मधे, इतके दिवस धडधडीखाली गाडलं गेलेलं काहीतरी ऐकू आलं. वडील हलक्या आवाजात मात्रा मोजत होते. सम आली की "हं" म्हणत होते. तो "हं" मी लहानपणी गणित बरोबर आलं की ऐकायचो.

काका म्हणाले, "छान आहे. थोडा वाढवा की!"

मी वाढवला नाही.