हातच्याची वजाबाकी

आमच्या धाकटीला हातच्याची वजाबाकी म्हटलं की पोटात दुखायचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुसऱ्यांच्या मुलांशी गोड बोलते, आणि घरी पोळ्या लाटता लाटता हिच्यावर खेकसते! एकदा रडून रडून तिची वही ओली झाली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

मग तिला कापरेकरांचं कोडं घातलं. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. १९४९ साली त्यांनी ही गंमत शोधली. कोणतेही चार अंक घ्या, चारही सारखे मात्र नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा, तीतून लहानात लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

तिनं ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. (पुढचं शून्य गाळू देऊ नका.) ८५३२ वजा २३५८, ६१७४. ‘‘अजून कर,’’ म्हटलं, तर परत ६१७४च! फार तर सात वजाबाक्यांत हाच आकडा येतो.

एक मेख आहे. मध्ये हातचा चुकला तरी बहुधा शेवटी ६१७४ येतंच. म्हणून दर उत्तराच्या अंकांची बेरीज करायला सांगा. ती १८ किंवा २७ नसेल, तर चूक आहे. आपली चूक मूल आपणच शोधतं, आपल्याला ओरडावं लागत नाही.

परवा तिनं शेजारच्या काकूंच्या स्कूटरचा नंबर घेतला आणि ओट्यापाशी बसून वजाबाक्या करत सुटली. बघता बघता माझी भाजी करपली, पण तिला उठवलं नाही.