वावर म्हणलं, तर वावरच लिहा

आपण वावर म्हणतो, साहेब शेत म्हणतात. आपण धुरा म्हणतो, ते बांध लिहितात. इथवर काई बिघडत नाई. पण बुढा सांगते, "दोन साल वावर पड ठेवलं", आन् लिहिणारा लिहिते, "जमीन पडीक आहे". जमिनीले इसावा देला, तर कागदावर वहितीच सुटली! खाली अंगठा मात्र बुढ्याचाच.

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. नियम 13 प्रमाणे अर्जदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. दाव्याले कमीत कमी दोन पुरावे लागतात. ज्याच्यापाशी दंडाची पावती नाई, त्याले म्हाताऱ्याच्या बोलण्याचाच आधार. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. म्हातारी म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळाआधी आमी हे वावर वाहत होतो." हे साल गाळून नुसतं "अनेक वर्षांपासून" लिहिलं, तर जबाबातला जीवच गेला.

आपली आंधांची बोली निदान मराठीच्या जवळची. कोलामी, गोंडी तेलुगूच्या कुळातल्या, कोरकू मुंडारीच्या. तिथं तर दुभाष्याच पाहिजे, आन् तो त्याच समाजाचा.

म्हणून जबाब लिहायले गावातलाच शिकलेला पोरगा नाईतर पोरगी बसवा. बोललेला शब्द तसाच लिहा, सरकारी शब्द बाजूले कंसात. मंग ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. "हेच सांगतलं म्या" असं बुढा म्हणेल, तवाच अंगठा.