मिसिंग शोधायचे पैसे द्या, पार्टचे वाचतील

आज पिकाचं नाही, पिकअपचं लिहितो.

कापूस वेचणी सुरू झाली की वडनेर, नांदुरा, मलकापूर पट्ट्यात जुन्या पिकअपशिवाय पान हलत नाही. आणि नेमकी याच दिवसांत गाडी मिसिंग मारायला लागते. उभ्या गाडीत इंजिन थरथरते, लोड घेतला की दम तोडते, मागून धूर. गॅरेजला नेली की आधी फिल्टर, मंग नोजल, मंग पंप. तीन चकरा, तीन बिलं, आणि मिसिंग जिथल्या तिथं.

सगळे मिस्त्रीला शिव्या घालतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपण पार्टचे पैसे देतो, फिटिंगची मजुरी देतो, पण दोष शोधायचे पैसे द्यायला आपला हात खिशात जात नाही. त्यानं तासभर डोकं लावून सांगितलं की पाइपाचं नट ढिलं होतं, तर आपण म्हणतो, "एवढंच ना भाऊ? याचे काय पैसे?" मंग तो पुढच्या वेळी पार्टच बदलणार. त्यालाही पोट आहे.

शोधणं म्हणजे नेमकं काय, हे गाडीवाल्याला माहीत पाहिजे. खालचं सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या चार सिलिंडर डिझेल गाडीसाठी आहे.

1) मिसिंग कधी येते ते पाहा. सकाळी थंड्या इंजिनात पांढरा धूर आणि मिसिंग, गरम झाल्यावर बंद, तर कॉम्प्रेशन, टॅपेट किंवा हीटर प्लगकडे पाहा. एकाच तालात कायम मिसिंग असेल तर एखादा सिलिंडर मेलेला आहे. कधी आहे कधी नाही असं असेल तर डिझेलच्या लाइनीत हवा, पाणी किंवा कचरा.

2) धूर पाहा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळते. गरम इंजिनातही पांढरा राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते किंवा पाणी आत जाते. सोबत रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट.

3) फुकटची कामं आधी. फिल्टरखालचं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसते. डब्यात-ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर हे पाहाच. मंग लाइनीचे वॉशर, क्लिपा तपासून हवा काढा. ज्यांनी विहिरीवर डिझेल इंजिन चालवलं, त्यांना "हवा धरली" म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही.

4) आता सिलिंडर शोधा. इंजिन आयडलवर ठेवून नोजलवर येणाऱ्या पाइपाचं नट एकेक करून थोडं ढिलं करायचं आणि परत कसायचं. ढिलं केल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. ज्याचं ढिलं करूनही इंजिनाला काहीच फरक पडत नाही, चोर तोच. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. त्या फवाऱ्यासमोर हात किंवा डोळा नको आणि गरम सायलेन्सरवर डिझेल पडू देऊ नका.

कॉमन रेल गाडीत हा प्रयोग अजिबात करायचा नाही. तिथं प्रेशर 1000 बारच्या वर जाऊ शकते, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. तिथं स्कॅनर लावा.

5) चोर सापडला तरी लगेच पार्ट घेऊ नका. समजा दोन नंबर मेला आहे. त्याचं नोजल तीन नंबरला आणि तीनचं दोनला लावा, तांब्याचे वॉशर नवे टाकून. मिसिंग तीनवर गेली तर नोजल खराब. दोनवरच राहिली तर नोजल निर्दोष. मंग टॅपेटचा गॅप, कॉम्प्रेशन, आणि शेवटी पंप. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजा, एकच कमी आहे का ते कळते.

नोजल टेस्टिंगला दिलं तर समोर उभं राहून पाहा. फवारा बारीक धुक्यासारखा पाहिजे, टपकायला नको.

काही जण म्हणतील, माल बाजारात न्यायचा आहे, एवढा वेळ कोणाला? अहो, मिसिंगवर 10-12 क्विंटल कापूस ओढणं जास्त महाग पडते. न जळलेलं डिझेल सिलिंडर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर गाडी तिथंच थांबवा. टपकणारं नोजल पिस्टनलाही भोक पाडू शकते. मंग काम नोजलचं राहत नाही, हाफ इंजिनाचं होते.

कृषी क्षेत्रातल्या साहेब लोकांनीही हे वाचावं, कारण शेतातही हाच रोग आहे. कपाशीचं पान लाल झालं की दुकानातून तीन बाटल्या येतात. मॅग्नेशियम कमी आहे, नत्र कमी आहे, तुडतुडे आहेत की रात्रीची थंडी, हे कोणी विचारत नाही. पिवळेपणा जुन्या पानावर आहे की नव्या, एवढं पाह्यलं तरी अर्धं निदान होते. पण सल्ला फुकट आणि बाटली विकत, म्हणून बाटलीच खपते.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड आहे. जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे. वेचणीच्या आधी गावात अर्धा दिवस दोघांनी मिळून गाडी-पंप-ट्रॅक्टरचं निदान शिबिर घेतलं तर किती गाड्या हंगामात वाचतील!

तोपर्यंत गॅरेजच्या दारात एवढंच म्हणा: "भाऊ, शोधायचे पैसे वेगळे देतो. पण आधी कोणता सिलिंडर ते दाखव, आणि बदललेला जुना पार्ट माझ्या हातात दे." ज्याला काम येते, तो मिस्त्री या बोलण्यानं खूशच होईल.